ब्राउझरची भाषा मराठी कशी करावी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दादरपासून मुलुंडपर्यंतच्या ज्या घरांचे, दवाखान्यांचे आणि गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांचे संगणक आमच्या देखभालीखाली आहेत, तेथून एक विचारणा वारंवार येते. संगणकावर मराठी टंकलेखन होते, मराठी बातम्या वाचता येतात, मग ब्राउझरचा, म्हणजे संकेतस्थळे पाहण्यासाठी वापरायच्या क्रोम, एज किंवा फायरफॉक्स या प्रोग्रामचा, मेनू तेवढा इंग्रजीतच का? तो मराठीत करता येतो, त्याला काही खर्च येत नाही, आणि आमच्या मते तो करून घ्यावाच. या संकेतस्थळाला कॅमेरा वापरू द्यायचा का, आपले ठिकाण कळू द्यायचे का, पासवर्ड जतन करायचा का, असे महत्त्वाचे प्रश्न ब्राउझर मेनूच्याच भाषेत विचारत असतो. सूचना पाठवण्याची परवानगी मागणारी चौकट न वाचताच ‘अलाऊ’ दाबले गेले, की पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा खोट्या सूचना उमटू लागतात आणि घाबरलेला माणूस त्यांतल्याच एखाद्या क्रमांकावर फोन करून बसतो. प्रश्न आपल्या भाषेत समोर आला, तर तो वाचला जाण्याची शक्यता निश्चितच वाढते.

विंडोज संगणकावर क्रोम असेल, तर उजवीकडे वर दिसणारे तीन उभे ठिपके दाबून ‘सेटिंग्ज’ उघडावे आणि डाव्या बाजूच्या यादीतून ‘लँग्वेजेस’ निवडावे. तेथे ‘ॲड लँग्वेजेस’ दाबून मराठी शोधावी व यादीत घ्यावी. बरेच जण इथेच थांबतात आणि काहीच बदलले नाही म्हणून आम्हाला फोन करतात. मराठीच्या ओळीतील तीन ठिपके दाबून ‘डिस्प्ले गूगल क्रोम इन धिस लँग्वेज’ हा पर्याय निवडणे आणि त्यानंतर ‘रीलाँच’ दाबणे, ही शेवटची पायरी राहिलेली असते. रीलाँच करताना उघडी पाने परत येतात. मात्र अर्धवट भरलेला अर्ज जाऊ शकतो आणि इन्कॉग्निटो विंडो (पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारी खिडकी) परत उघडत नाही, म्हणून हातातले काम आधी पूर्ण करावे. एजमध्ये ठिपके आडवे असतात, एवढा फरक सोडल्यास क्रम जवळजवळ हाच आहे. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांच्या मेनूतून सेटिंग्जमधील ‘जनरल’ विभागात जावे, भाषेच्या चौकटीत मराठी नसल्यास ‘सर्च फॉर मोर लँग्वेजेस’ निवडून ती घ्यावी आणि फायरफॉक्स पुन्हा सुरू करावा. मॅकवर क्रोम संगणकाच्या स्वतःच्या भाषेप्रमाणे चालतो, त्यामुळे वर सांगितलेला पर्याय तेथे शोधू नये. अँड्रॉइड फोनवर क्रोमच्याच सेटिंग्जमधील ‘लँग्वेजेस’ या विभागात क्रोमची भाषा वेगळी ठरवता येते. त्यासाठी सगळा फोन मराठीत करावा लागत नाही.

संस्थेच्या कार्यालयात सचिव आणि व्यवस्थापक एकच संगणक वापरत असतील, तर एक गोष्ट आधी बोलून घ्यावी. विंडोजवर क्रोमच्या मेनूची भाषा त्या विंडोज खात्यातील सर्व क्रोम प्रोफाइलना (क्रोममध्ये प्रत्येकाने केलेल्या वेगळ्या मांडणीला) एकदमच लागू होते. दोघांना वेगवेगळी भाषा हवी असल्यास विंडोजची दोन खाती करणे हाच सरळ मार्ग आहे.

मेनू मराठी झाला म्हणजे संकेतस्थळेही मराठी होतील, असा समज असतो; तसे होत नाही. पसंतीच्या भाषांची यादी, किंवा निदान तिच्यातली पहिली भाषा, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला कळवतो, मराठीसाठी ‘एमआर’ या दोन अक्षरांनी, आणि त्या संकेतस्थळाकडे मराठी पाने असतील व ते यादीची दखल घेत असेल, तरच ती पाने समोर येतात. म्हणून मराठी पहिली आणि इंग्रजी दुसरी ठेवावी. इंग्रजी काढून टाकू नये. पुष्कळ संकेतस्थळे या यादीकडे पाहतच नाहीत: ‘आपले सरकार’वर भाषा पानावरच निवडावी लागते, विकिपीडियाची भाषा पत्त्यावरून ठरते आणि जीमेलची भाषा जीमेलच्या सेटिंग्जमध्ये बदलावी लागते. मराठी कळफलकाचाही या बदलाशी संबंध नाही, तो विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जोडावा लागतो.

मेनू मराठी केल्यावर इंग्रजी पानाचे भाषांतर करू का, असे क्रोम विचारू शकतो. लेख वाचताना ही सोय चांगली आहे. बँकेचा किंवा प्राप्तिकराचा अर्ज भरताना मात्र ती घेऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे, कारण यंत्राने केलेल्या भाषांतरात आडनावाचा भलताच अर्थ लागतो आणि रकान्याचे शीर्षकही बदलू शकते.

भाषा बदलण्यासाठी कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर डाउनलोड करावे लागत नाही. ‘मराठी ब्राउझर मोफत’ अशा जाहिरातींवर क्लिक करू नये, आणि या कामासाठी संगणकाचा ताबा दुरून मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीला तो देऊ नये.

चुकून भलतीच भाषा लागली, तर घाबरण्याचे कारण नाही. ठिपके आणि रेघा आपल्या जागीच राहतात, आणि क्रोमच्या भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीतही असते, त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द तेथे ओळखता येतो. तरीही अडल्यास आम्हाला फोन करावा आणि मेनू सध्या कोणत्या भाषेत दिसतो ते सुरुवातीलाच सांगावे, म्हणजे आमचा माणूस बटणांची नावे त्याच भाषेत सांगेल. देखभाल करारातील ग्राहकांकडून या मदतीचा वेगळा आकार घेतला जात नाही.