जाम इंजिन कोल्ड्रिंकनं सुटतं का?

"जुन्या गाडीचं इंजिन जाम आहे? सिलिंडरमध्ये कोल्ड्रिंक ओता, सकाळी टोचन करून (दुसऱ्या गाडीनं ओढून) गिअरमध्ये टाका, सुटतंय!" हा सल्ला कोल्हापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण कोलातलं फॉस्फोरिक आम्ल वरवरचा गंज खरंच काढतं.

पण पिस्टन अडकतो त्याच्यावरच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत. तिथं पातळ तेल झिरपतं. कोल्ड्रिंक म्हणजे मुख्यतः पाणी आणि साखर. पाण्यानं नवा गंज धरतो, साखरेचा चिकटा मागं राहतो.

पडताळायचं तर उद्यमनगरातून (कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत) गंजून धरलेले दोन सारखे नट-बोल्ट आणा. एक कोल्ड्रिंकमध्ये बुडवा, दुसरा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोनच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात. मिश्रण वेगळं होतं, म्हणून हलवत राहा. आगीपासून लांब, उघड्यावर ठेवा. चार-पाच दिवसांनी पाना लावून बघा.

इंजिनातही स्पार्क प्लग काढून त्या भोकातून हेच तेल-ॲसिटोनचं मिश्रण सोडायचं, अधूनमधून भर घालायची. मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) नटाला लांब पाना लावून हलक्या हातानं पुढं-मागं. जरासं हललं तरी काम होत आलं समजा. टोचन मात्र अजिबात नको: सगळा झटका अडकलेल्या पिस्टनवर येतो, रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि जुन्या गाडीचे हे पार्ट सहजी मिळत नाहीत.