हेरव्यवस्था, मराठेकालीन : कोल्हापूर–पन्हाळा परिसर

शत्रूच्या हालचाली, किल्ल्यांची स्थिती, वाटा व घाट आणि स्वपक्षातील फितूर यांची गुप्तपणे माहिती मिळवून ती राज्यकर्त्यापर्यंत पोहोचविण्याची सतराव्या–अठराव्या शतकांतील यंत्रणा. कोल्हापूर–पन्हाळा परिसराला या विषयात वेगळे स्थान आहे. विजापूरहून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या वाटा पन्हाळ्याच्या टापूतून पुढे आंबा, अणस्कुरा, बावडा व फोंडा या घाटांत उतरतात. त्यामुळे आदिलशाही, मोगल आणि मराठे या तिन्ही सत्तांच्या दृष्टीने येथील बातमीला सैन्याइतकेच मोल होते.

या कामावरील माणसांसाठी जासूद, हेर, हरकारा, नजरबाज अशा संज्ञा कागदपत्रांत येतात. त्यांच्या कामांतील सीमारेषा काटेकोर नव्हत्या. जासूद अनेकदा पत्र पोहोचवी आणि वाटेत पाहिलेलेही सांगे.

शिवकाळात हेरांचे स्वतंत्र खाते होते किंवा नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बहिर्जी नाईकांच्या हाताखाली हजारो हेरांचे संघटित खाते होते, असे चित्र लोकप्रिय लेखनात आढळते. त्याला समकालीन आधार नाही. या बाबतीत मुख्य साधन म्हणजे सभासद बखर. ती जिंजी येथे बहुधा १६९७ मध्ये रचली गेली (काहींच्या मते १६९४). सभासदाने वाकनीस (वृत्तांत लिहिणारा), हरकारे व जासूद यांचा उल्लेख सरनोबताच्या म्हणजे लष्करप्रमुखाच्या लवाजम्यात केला असून बहिर्जी जाधव नाईक हा शहाणा व चौकस माणूस जासुदांचा नाईक केल्याचे म्हटले आहे. यावरून हेर लष्करप्रमुखाच्या हाताखाली होते आणि त्यांचा वापर प्रामुख्याने मोहिमांच्या गरजेनुसार होई, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सुरतेची स्वारी (१६६४) आणि जालन्याहून परतताना पट्टा किल्ल्यापर्यंत आडवाटेने झालेली वाटचाल (१६७९) या बहिर्जींशी निगडित घटना मोहिमांतल्याच आहेत. अष्टप्रधानांतील मंत्र्याकडे दरबारी वृत्तांत व वाकनिशी असे. तथापि ते काम आणि शत्रूच्या गोटातील हेरगिरी एकच मानता येत नाही. सांगली जिल्ह्यातील भूपाळगड ऊर्फ बाणूरगड येथील समाधी बहिर्जींची असल्याची परंपरा आहे.

पन्हाळ्याच्या इतिहासात बातमीचे महत्त्व दोन प्रसंगी ठळकपणे दिसते. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये विशाळगडाकडे निसटले. वेढ्यातील ढिलाई आणि रात्रीची वाट या दोन्हींची टेहळणी आधी झाली होती, असे सामान्यतः मानले जाते. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूर गावचे शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन शत्रूला चकविले व त्यात प्राण दिले, ही आठवण या भागात आजही आदराने जपली जाते. दुसरा प्रसंग मार्च १६७३ मधला. कोंडाजी फर्जंद यांनी निवडक साठ माणसांनिशी रात्री कडा चढून गड घेतला. या विजयावर जयराम पिंड्ये यांनी *पर्णालपर्वतग्रहणाख्यान* हे संस्कृत काव्य रचले. इतक्या थोड्या माणसांनी इतका मोठा गड घेणे आतील पहाऱ्याची पक्की माहिती असल्याशिवाय संभवत नाही.

हेरगिरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची व सर्वाधिक वादग्रस्त घटना म्हणजे फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी संगमेश्वर येथे झालेली छत्रपती संभाजी महाराजांची अटक. मोगल सरदार शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान पन्हाळा घेण्याच्या कामगिरीवर कोल्हापूर भागात होता. हा पूर्वी कुतुबशाहीच्या चाकरीत असल्याने दख्खनच्या मुलुखाची त्याला माहिती होती. साकी मुस्तैदखानाच्या *मआसिर-इ-आलमगीरी* या ग्रंथानुसार (पूर्तता १७१०) संभाजी महाराज शिर्के या मराठा घराण्याशी झालेल्या तंट्यामुळे रायगडाहून खेळण्यास म्हणजे विशाळगडास आले आणि तेथून संगमेश्वरला गेले, ही खबर खानाला त्याच्या हेरांनी दिली. कोल्हापूरपासून सुमारे ४५ कोसांचे अवघड घाटांचे अंतर त्याने थोड्या लोकांनिशी वेगाने कापले.

ही बातमी मुळात कोणी फोडली, यावर बरेच लिहिले गेले आहे. महाराजांचे मेहुणे गणोजी शिर्के यांनी वाट दाखविली, हे मत महाराष्ट्रात रूढ आहे. फार्सी साधनांत शिर्क्यांच्या वैराचा उल्लेख असला, तरी खबरीचे श्रेय खानाच्या हेरांना दिलेले आहे. वैर होते म्हणून खबर त्यांनीच दिली, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उत्तरकालीन बखरींचा रोख महाराजांचा विश्वासू सल्लागार कवी कलश याच्यावर आहे. पण महाराजांबरोबर पकडला जाऊन त्यांच्यासारखाच छळ सोसून मारला गेलेला हा माणूस फितूर होता, हे पटण्यासारखे नाही. उपलब्ध पुराव्यांचा कल पाहता कोल्हापूरच्या छावणीतून घाटमाथ्यावर पेरलेल्या मोगल हेरांचे काम हेच मुख्य कारण मानणे सयुक्तिक ठरते. स्थानिकांची मदत त्यांना मिळाली असणे शक्य आहे. मोगल सैन्य येत असल्याची वर्दी मराठी जासुदांनी दिली, पण संभाजी महाराजांनी तिच्यावर विश्वास न ठेवता उलट त्यांनाच शिक्षा फर्मावली, असेही *मआसिर-इ-आलमगीरी*त म्हटले आहे. शिक्षेचा हा तपशील विजेत्याच्या दरबारी इतिहासकाराचा असल्याने जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मात्र जासुदांनी आपले काम चोख बजावले होते, ही शत्रूनेच दिलेली साक्ष मोलाची आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

राज्याला संभवणाऱ्या धोक्यांचा तात्त्विक विचार रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या *आज्ञापत्रात* आढळतो. कोल्हापूरचे छत्रपती संभाजी (राजाराम महाराजांचे पुत्र) यांच्या कारकिर्दीत सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा काळ बहुधा १७१५ चा अखेरचा भाग असावा; काही अभ्यासक तो १७१६ धरतात. टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापारी हे इतर सावकारांसारखे नसून त्यांच्यामागे राजसत्ता आहे, असे पंत बजावतात. वखारीस जागा देणे भागच पडले, तर ती समुद्रकिनारी वा खाडीवर न देता आत दोन-चार कोसांवर, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असा त्यांचा सल्ला आहे. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी १६६० मध्ये जौहरच्या छावणीत येऊन पन्हाळ्यावर तोफा डागल्या होत्या. पंतांचे उत्तरायुष्य ज्या पन्हाळगडावर गेले, तेथे त्या घटनेचा विसर पडला असणे संभवत नाही. किल्ल्यांवरील अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि फितुराचा बंदोबस्त यांविषयीचे त्यांचे नियमही याच दक्षतेतून आले आहेत.

वारणेच्या तहानंतर (१३ एप्रिल १७३१) सातारा व कोल्हापूर या दोन्ही गाद्यांचे परस्परांवरील लक्ष कमी झाले नाही. ब्रिटिश काळात बातमीची सूत्रे पोलिटिकल एजंटाकडे गेली. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केल्यानंतर कर्नल ल ग्रँड जेकब याने खबऱ्यांच्या साहाय्याने बंदोबस्त केला. डिसेंबरमधील दुसऱ्या उठावानंतर छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना राजकीय कैदी म्हणून कराचीस पाठविण्यात आले; तेथेच १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थानच्या कारभाराची मोडी कागदपत्रे कोल्हापूर पुराभिलेखागारात जतन केलेली आहेत.