शिशावर लोखंड तरंगते तेव्हा

अमेरिकेतील नेमबाजांमध्ये आपल्या बंदुकीची गोळी आपणच ओतणाऱ्यांचा एक जुना पंथ आहे. या पंथात नव्याने येणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी गोळीचा साचा येत नाही. त्याआधी त्याला भंगारातील शिसे वितळवून, गाळून, त्याच्या स्वच्छ लगडी कराव्या लागतात. भारतात परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा असल्यामुळे हा छंद आपल्याकडे नाही. तरीही भंगारापासून लगडीपर्यंतच्या या प्रवासात धातुशास्त्राचा बराच भाग डोळ्यांसमोर घडतो, आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची गोष्ट भांड्याच्या तळाशी नव्हे तर पृष्ठभागावर घडते.

या भंगाराचा मोठा भाग वर्षानुवर्षे टायरच्या दुकानांतून आला. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमच्या काठाला जी छोटी वजने ठोकतात, त्यांच्या शिशात साधारण ३ टक्के अँटिमनी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास कथील आणि किंचित आर्सेनिक असते. शुद्ध शिसे गोळीसाठी फार मऊ पडते. ब्रिनेल मापाने त्याचा कठीणपणा जेमतेम ५ भरतो, तर चाकाच्या वजनांचा १० ते १२. हा फरक प्रामुख्याने अँटिमनीचा. कथलाचे काम वेगळे आहे. त्यामुळे वितळलेल्या धातूचा पृष्ठताण कमी होतो आणि साच्याचे बारीक कोपरे नीट भरतात. शिसे, अँटिमनी आणि कथील याच तीन धातूंच्या मिश्रणातून एकेकाळी छापखान्यांचे खिळे ओतले जात. मजकुराच्या ओळीच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे ४ टक्के कथील आणि १२ टक्के अँटिमनी असे, आणि ते मिश्रण २४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे शुद्ध शिशापेक्षा जवळजवळ ९० अंश आधी. जुन्या छापखान्याचा असा धातू हाती लागला तर गोळ्या ओतणारे त्याला जपून ठेवतात आणि मऊ शिशात थोडा थोडा मिसळतात.

शिसे वितळवायला भट्टी लागत नाही; जाड बुडाचे बिडाचे भांडे आणि गॅसची मोठी शेगडी पुरते. याचे कारण केवळ ३२७.५ अंश हा वितळणबिंदू नाही. शिशाची उष्णताधारकता विलक्षण कमी आहे. एक किलो शिसे खोलीच्या तापमानापासून पूर्ण वितळवायला सुमारे ६२ किलोज्यूल उष्णता लागते, तर एक किलो पाणी नुसते उकळीपर्यंत आणायला जवळजवळ ३०० किलोज्यूल लागतात. चहाच्या आधणापेक्षा शिसे स्वस्तात वितळते म्हणायचे. वितळलेल्या शिशाची घनता पाण्याच्या दहापटीहून अधिक असल्यामुळे वजनांना जोडलेल्या पोलादी क्लिपा सुट्या होऊन सरळ वर येतात आणि लोखंड पृष्ठभागावर तरंगू लागते. प्रथमच पाहणाऱ्याला हे दृश्य चमत्कारिक वाटते. मग लांब दांड्याच्या झाऱ्याने त्या क्लिपा काढून घ्यायच्या.

क्लिपांबरोबर आणखी काहीतरी वर येते, आणि नवख्याची खरी परीक्षा तिथे होते. शिशाच्या विषारीपणामुळे कॅलिफोर्नियाने २०१० पासून चाकांच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली, इतर काही राज्यांनीही तसेच केले, आणि भंगाराच्या बादलीत जस्ताची व पोलादाची वजने वाढत गेली. पोलादाचा त्रास नाही. ते वितळतच नाही. जस्त मात्र ४१९.५ अंशांना वितळते आणि शिशात थोडे जरी उतरले तरी सगळ्या घाण्याचे रूप पालटते. धातू दाट, कण्यांसारखा होतो आणि साच्यात नीट भरत नाही. ते जस्त नंतर वेगळे करणे घरगुती साधनांनी जवळपास अशक्य असते. म्हणून तापमापक भांड्यात बुडवून ठेवायचा, पारा ३७० अंशांपुढे जाऊ द्यायचा नाही आणि न वितळता तरंगणारी वजने दिसताच काढून टाकायची. त्याहून चांगला उपाय म्हणजे वजने भांड्यात जाण्यापूर्वीच निवडणे. कापायच्या पकडीत वजनाची कड दाबली की शिशात पकडीचा दात सहज रुततो, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. फरशीवर टाकल्यास शिसे धप्प वाजते, जस्त खणखणते. काही वजनांवर धातूची रासायनिक संज्ञाही कोरलेली असते, पण ग्रीसच्या थराखाली ती दिसेल याचा भरवसा नसतो.

क्लिपा निघाल्यावर वर करड्या रंगाची साय उरते. तिला मळी म्हणून लगेच फेकून देणे ही नुकसानीची घाई आहे, कारण त्या सायीत ऑक्साइडांच्या जाळ्यात अडकलेला पुष्कळ चांगला धातू असतो. मेणाचा तुकडा किंवा मूठभर कोरडा लाकडाचा भुसा टाकून भांडे तळापासून ढवळले की हा धातू सुटून खाली जातो. त्याच वेळी जळत्या मेणातील किंवा भुशातील कार्बन लेड ऑक्साइडमधील ऑक्सिजन ओढून घेतो आणि शिसे मोकळे करतो. कथलाचा ऑक्साइड मात्र हट्टी आहे. इतक्या कमी तापमानाला कार्बन त्याला फारसा मोडू शकत नाही, त्यामुळे भुसा टाकला की सगळे कथील परत मिळते हा समज मला अतिशयोक्तीचा वाटतो. कथील वाचवायचे असेल तर ते मुळात जळू न देणे, म्हणजे भांडे गरजेपेक्षा जास्त न तापवणे, हाच उपाय खात्रीचा आहे. शेवटी जी कोरडी, काळपट पूड उरते ती खरी मळी.

सर्वांत आकस्मिक धोका पाण्याचा. एक मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागावर पडलेला थेंब बहुधा वाफेच्या गादीवर थरथरत उडून जातो. पण तोच थेंब पृष्ठभागाखाली गेला, तर वरचे शिसे कारंज्यासारखे उसळते. म्हणून सारे भंगार थंड भांड्यातच भरायचे आणि मग ज्योत पेटवायची, म्हणजे ओल असलीच तर ती धातू पातळ होण्यापूर्वी निघून जाते. नेमबाजीच्या मैदानातून उकरलेल्या तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांत पाणी आत अडकलेले असू शकते, तेव्हा त्यांच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक. झारा, पळी आणि लगडीचे साचेही आधी तापवून कोरडे केलेले हवेत.

विषबाधेबद्दलचा प्रचलित समज थोडा तपासून पाहावा लागतो. बहुतेकांना भीती वाटते ती शिशाच्या वाफेची. या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. तिचा दाब एक पास्कलपर्यंत पोचायला सुमारे ७०५ अंश लागतात. उघड्या हवेत काम करायचे ते मुख्यतः जळणाऱ्या ग्रीसच्या, रबराच्या आणि भुशाच्या धुरासाठी. शिसे शरीरात शिरते ते त्या करड्या मळीच्या धुळीतून. झाऱ्यावरून उडालेली पूड हातांवर बसते, हातांवरून घासाबरोबर पोटात जाते, कपड्यांवरून आणि बुटांवरून घरात जाते, आणि घरात रांगणारे मूल असेल तर त्याच्या तोंडात जाते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्मे होते, हाडांतले मात्र दशकानुदशके राहते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ साली लहान मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भपातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, आणि त्याखालची पातळी सुरक्षित आहे असेही तिथे मानले जात नाही. तेव्हा मळी कोरडी झाडायची नाही, झाकणाच्या डब्यात भरून घातक कचरा म्हणून द्यायची. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. आणि घरचे भांडे या कामाला एकदा वापरले की ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाही.

मोटारीच्या बॅटरीच्या बाबतीत कसलीही तडजोड नाही: ती छंद म्हणून फोडायची नाही. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल आणि लेड सल्फेट तर असतेच, शिवाय आधुनिक बॅटरीच्या जाळीत कॅल्शियम मिसळलेले असते. हे कॅल्शियम आर्सेनिकशी किंवा अँटिमनीशी संयोग पावले, की त्यातून बनलेल्या मळीला नंतर ओल लागताच आर्सिन व स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. काम संपून भांडे गार झाल्यावर, बाहेर ठेवलेल्या मळीवर पाऊस पडला तरी हे घडू शकते. बॅटऱ्यांचे पुनर्चक्रीकरण हे नोंदणीकृत कारखान्याचेच काम आहे, आणि आपल्याकडेही २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते तसेच ठरवले आहे.

स्वच्छ झालेला धातू पळीने साच्यात ओतला की त्याच्या वरच्या अंगाला मधोमध खळगा पडतो, कारण शिसे गोठताना सुमारे साडेतीन टक्क्यांनी आकसते आणि मधला भाग सर्वांत शेवटी गोठतो. लगड साच्यातून पडताच तिच्यावर कायमच्या शाईने मूळ भंगाराचे नाव लिहून ठेवायचे. दोन निरनिराळ्या घाण्यांच्या लगडी शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. कठीणपणा मोजायचा असेल तर चित्रकाराच्या वेगवेगळ्या प्रतींच्या पेन्सिली लगडीवर ओढून कोणती पेन्सिल धातूत रुतते ते पाहतात. मात्र हे मोजमाप ओतल्याच दिवशी घेऊ नये. अँटिमनी आणि आर्सेनिक असलेले शिसे गार झाल्यानंतरही आतून बदलत राहते आणि पुढच्या काही दिवसांत आणखी कठीण होते. गरम लगड पाण्यात बुडवून थंड केली असेल तर हा बदल अधिकच ठळक असतो. म्हणून अनुभवी मंडळी लगडीवर भंगाराच्या नावाखाली ओतल्याची तारीखही लिहितात.