सिक्रेटिन ते स्टेम सेल : स्वमग्नतेवरच्या ‘हमखास’ उपायांची कुळकथा

तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, असं लक्षात आलं की गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या घरात आधी दृष्ट काढली जाते, मग ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून कौल घेतला जातो. त्याने मुलाला इजा होत नाही. काही महिने तेवढे जातात, आणि या वयात तेही स्वस्त नसतात. मात्र धास्ती वाटावी ती पुढच्या टप्प्याची. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणी होऊन कागदावर ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, लिहून येतं आणि पाठोपाठ कुणीतरी नातेवाईक मोबाइलवर जाहिरात पाठवतो : अमुक शहरात जा, मूल बरं होतं. या जाहिरातीला मोठी वंशावळ आहे.

1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांची निरीक्षणं मांडली आणि स्वमग्नतेचं आजच्या ओळखीचं वर्णन तयार झालं. पुढची दोन दशकं दोष आयांच्या माथी मारला गेला : आई थंड, म्हणून मूल स्वतःत बुडालेलं. हा डाग पुसायला पुढे सरसावला तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप. बर्नार्ड रिमलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये ठणकावून सांगितलं की मूळ मुलाच्या शरीरात, मेंदूत आहे, आईच्या वागण्यात नव्हे. यासाठी त्याचे उपकार मानावेतच. पण मूळ शरीरात असेल तर औषधही शरीरासाठीच शोधायचं, या ओढीने तो भल्या मोठ्या मात्रेतल्या जीवनसत्त्वांकडे वळला आणि 1995 मध्ये ‘डिफीट ऑटिझम नाऊ’ ही चळवळ उभी राहिली. पुढे आहारबंदी, पूरक गोळ्या, शरीरातले धातू ‘काढून टाकणं’ हे सगळं याच वाटेने घरोघरी पोचलं. फसवणुकीच्या इतिहासात सगळेच लबाड नसतात, ही यातली अडचणीची गोष्ट.

सिक्रेटिनचं प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. लहान आतड्यातून पाझरणारं हे संप्रेरक स्वादुपिंडाच्या तपासणीत वापरलं जाई. अशाच तपासणीनंतर एक मुलगा बोलू लागल्याचं त्याच्या आईने पाहिलं. 1998 मध्ये बातमी अमेरिकी टीव्हीवर झळकली आणि औषधाचा तुटवडा पडला. पुढच्याच वर्षी 60 मुलांवर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि दोन्हींत फरक नव्हता. मुलं वाढतात, शिकतात, एखादा महिना बरा जातो. आशेने बघणारा डोळा त्याचं श्रेय सुईला देतो. हा निष्कर्ष पालकांना सांगण्यात आला, तरी त्यांतल्या 69 टक्क्यांना सिक्रेटिनमध्ये रस होताच. त्यांना भोळे म्हणण्याची माझी तयारी नाही. त्यांच्यापुढे दुसरं कुणी काही ठेवत नव्हतं.

त्याच 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेणारा, 12 मुलांवरचा लेख आला. ‘लॅन्सेट’ने तो 2010 मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने त्याचं नाव नोंदणीतून काढलं. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या 2019 च्या अभ्यासातही लस आणि स्वमग्नतेचा संबंध सापडला नाही. पण तोवर ‘लसीतला पारा’ लोकांच्या डोक्यात बसला होता, आणि पारा काढण्यासाठी किलेशन, म्हणजे औषधाने शरीरातले धातू बाहेर काढणं, आलं. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात अशा उपचारादरम्यान रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून पाच वर्षांचा मुलगा दगावला. याहून भयंकर म्हणजे ‘मिरॅकल मिनरल सोल्युशन’. नाव कसलंही असो, ते कारखान्यात वापरायचं ब्लीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल 2010 आणि 2019 मध्ये लोकांना सावध केलं.

ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) आणि दुधाची बंदी त्यामानाने सौम्य. पेज आणि हुमण-भात खाणाऱ्या गोमंतकीय मुलाला ग्लुटेन तसाही फारसा भेटत नाही, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव सोडला तर. पण आधीच चार पदार्थांवर अडून बसलेल्या मुलाचं दूधही तोडलं की कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून आणायची, हे आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरवू नये.

आपल्या देशात आज सर्वांत महाग पडतं ते स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य अपवाद वगळता, हे उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं. चाचणीच्या नावाखाली पैसे मागितले, तर तिथेच उठावं. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून फी घ्यायची नसते.

मग करायचं काय? याचं एक उत्तर गोव्यातच तपासलं गेलं. मँचेस्टरमध्ये घडवलेली, पालकांमार्फत चालणारी एक संवाद-पद्धत ‘संगत’ या संस्थेने इथल्या घरांसाठी जुळवून घेतली. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या 65 मुलांवर चाचणी झाली आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. मुलाच्या खेळण्याचा व्हिडिओ आई-वडिलांबरोबर बघायचा, मूल कधी काय सुचवतं ते हेरायचं, त्याला प्रतिसाद द्यायचा. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. मात्र एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ उलट घटला, आणि तेही संशोधकांनी छापलं. ‘बरं होतं’ असा शब्द त्यात कुठेही नाही.

अशा कामाला माणसं कमी आणि गरज मोठी. उत्तर गोवा हा भाग असलेल्या पाच ठिकाणच्या भारतीय पाहणीत साधारण शंभरात एक मूल स्वमग्न आढळलं. थेरपीची तारीख महिन्यांनी मिळते आणि जाहिरातवाल्याचा फोन त्याच दुपारी येतो, तोवर बापाने कर्ज काढून गाडी पकडली तर नवल नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही बसते. तपासणीचा कागद हातात पडला की त्या अर्जाची चौकशी त्याच आठवड्यात करावी.