धावपट्टी वाढणार असेल तर कोकणातल्या खातेदाराने कोणते कागद तयार ठेवावेत

सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ९ ऑक्टोबर २०२१ पासून विमानं उतरतात. तिथली धावपट्टी अडीच हजार मीटरची आहे. अशी धावपट्टी वाढवायची चर्चा सुरू झाली की आपला सर्व्हे नंबर जाणार का, हेच गावात आधी विचारलं जातं. नुसत्या डांबराच्या लांबीवरून त्याचा अंदाज बांधू नका. टोकापुढे ६० मीटर पट्टा मोकळा लागतो. त्यापुढे सुरक्षा क्षेत्र असतं, किमान ९० मीटर आणि शिफारशीप्रमाणे २४० मीटर. कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा बसवायची, तर दिव्यांची रांग ९०० मीटरपर्यंत जाते. त्यामुळे सड्याच्या उतारावरच्या बागायतदारानेही नकाशा बघायला हवा.

पर्यावरण मंजुरी, किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता यांचे अर्ज विमानतळ चालवणारी यंत्रणा करते. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे असल्याने तिथे संरक्षण मंत्रालयाचाही संबंध येतो. आपला थेट संबंध येतो तो जनसुनावणीत. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत वाचायला मिळतो. तिथे बोलायला सातबारा लागत नाही. पऱ्ह्याचं (ओहोळाचं) पाणी कुठे वळणार, विहिरींचं काय होणार, हे तिथेच विचारा आणि लेखी द्या.

भूसंपादनाची नोटीस आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी वाचा. एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) कायद्याची रीत वेगळी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल, तर कलम ११ ची अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते आणि सुनावणीही मागता येते. त्या अधिसूचनेनंतर जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही.

पात्र कोण? सातबारावर नाव असलेले खातेदार आणि कुळं तर आहेतच. शिवाय संपादनाआधी तीन वर्षं त्या बाधित भागात राबून पोट भरणारी, स्वतःची जमीन नसलेली कुटुंबंही कायद्याने बाधित ठरतात. गड्यांच्या आणि वाटेकऱ्यांच्या घरी हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता कागद. चालू सातबारा, आठ अ, फेरफार, मोजणी नकाशा, घराचा असेसमेंट उतारा, आधार, बँक पासबुक. हे सगळं दोन दिवसांत जमतं. वेळ जातो तो वारस नोंदीत. आमच्या सातबारावर सतरा नावं होती. त्यातली नऊ माणसं कधीच गेलेली, दोन आत्यांची नावं लागलेलीच नव्हती आणि बाकीचे डोंबिवली-नालासोपाऱ्याला. शेवटी चतुर्थीत सगळे घरी आले, तेव्हा आरती झाल्यावर ओटीवर बसून सह्या घेतल्या. तुम्हीही नोटिशीची वाट बघू नका. यंदाच्या गणपतीतच मृत्यूचे दाखले गोळा करा आणि वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या.

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातलं जाणतं माणूस बागेत उभं हवंच. आम्ही आदल्या दिवशी आंब्याच्या प्रत्येक कलमाच्या खोडावर चुन्याने नंबर घातले, काजू वेगळे मोजले, फोटो काढले. पंचनाम्यात फणस आणि रातांबे (कोकम) सुटत होते, ते तिथल्या तिथे लिहून घेतले. विहीर, गडगा (दगडी कुंपण), मांगर (शेतातली खोपी) यांचंही मूल्यांकन होतं. झाडं पीकपाहणीत नसतील तर ती नोंद आधी करून घ्या.

मोबदल्यात बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ चा गुणक लागतो, झाडं-बांधकाम त्यात मिळवलं जातं आणि त्या एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम येते. निवाडा, म्हणजे ठरवलेला मोबदला, कमी वाटला, तर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत सहा आठवड्यांची. पण पैसे घेताना सहीशेजारी ‘निषेध नोंदवून रक्कम स्वीकारली’ असं लिहा. ते न लिहिता रक्कम घेतली, तर तो अर्ज करण्याचा हक्क जातो.