पँडोरा : पडद्यावरचा उपग्रह जमिनीवर कसा उतरला

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘अ‍ॅनिमल किंगडम’ नावाचे थीम पार्क आहे. जेम्स कॅमेरॉन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अवतार’ या विज्ञानपटातील पँडोरा या काल्पनिक उपग्रहाचे जग उभे करणारा ‘पँडोरा – द वर्ल्ड ऑफ अवतार’ हा सुमारे १२ एकरांचा विभाग २७ मे २०१७ रोजी तेथे सुरू झाला. तरंगते डोंगर, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि रात्री उजळणारी झाडे यांमुळे आज तो या उद्यानातील सर्वाधिक गर्दीच्या भागांपैकी एक आहे. मात्र त्याची घोषणा झाली तेव्हा तो यशस्वी होईल, असे फारच थोड्यांना वाटत होते.

ही घोषणा सप्टेंबर २०११ मध्ये झाली. डिसेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झालेला ‘अवतार’ हा तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट होता, तरीही आक्षेप अनेक होते. चित्रपट डिस्नेचा नव्हता, तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा होता, आणि फॉक्सचा चित्रपट व्यवसाय डिस्नेकडे येण्यास २०१९ साल उजाडायचे होते. पुढचे भाग जाहीर झाले असले तरी दुसरा भाग प्रत्यक्षात डिसेंबर २०२२ मध्ये आला. म्हणजे हा विभाग उघडून पाच वर्षे लोटली तरी लोकांच्या हाती एकच चित्रपट होता. त्यातील पात्रांची नावेही कुणाला आठवत नाहीत, मग त्यांना भेटायला कोण येणार, असा प्रश्न डिस्नेचे जुने चाहतेच विचारत होते. प्रश्न रास्त होता. पण पात्रांना भेटवण्यासाठी हा विभाग बांधायचाच नाही, असे उत्तर त्याला पुढे मिळाले. हे उत्तर एकाएकी सुचलेले नसून त्यामागे सुमारे साठ वर्षांचा अनुभव होता.

जुलै १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा त्याची आखणी करणाऱ्यांपैकी बरेच जण चित्रपटांचे कलादिग्दर्शन करणारे होते. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून बाहेरचे रस्ते आणि इमारती नजरेआड करणे, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना दृश्य, संगीत आणि पायाखालची फरसबंदीही बदलणे, ही तंत्रे त्यांनी स्टुडिओतून आणली. मात्र तेव्हाचे विभाग एखाद्या चित्रपटाचे नसून एका कल्पनेचे होते : जंगलातील साहस, अमेरिकेचा सीमावर्ती पश्चिम प्रदेश, उद्याचे जग. विज्ञानपट या उद्यानांत पुढे आले ते प्रामुख्याने एकेका राइडच्या रूपाने. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेवर बेतलेली आणि डिस्नेलँडमध्ये १९८७ साली सुरू झालेली ‘स्टार टूर्स’ ही त्यांतील महत्त्वाची राइड होती. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटरचे तंत्र तिने करमणुकीत आणले. परंतु दार उघडून बाहेर पडले की ‘स्टार वॉर्स’चे जग तिथेच संपत असे. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावर बेतलेली राइड ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना चित्रपटावरची राइड आणि चित्रपटाचे जग यांतला हा फरक सहज कळेल.

संपूर्ण विभागच एका विज्ञानकथेच्या ताब्यात देण्याचे मोठे प्रयत्न पुढे झाले. ऑरलँडोतच युनिव्हर्सल कंपनीचे ‘आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ १९९९ मध्ये उघडले आणि त्यात ‘जुरासिक पार्क’चे स्वतंत्र बेट होते. मूळ चित्रपटच एका उद्यानाविषयी असल्यामुळे तेथे येणारा पाहुणा आपोआप कथेतला पाहुणा ठरत असे, आणि पुढे पँडोराला हीच युक्ती उपयोगी पडली. टोकियो डिस्नेसीमध्ये २००१ साली फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नच्या कथांवर आधारलेले ‘मिस्टीरियस आयलंड’ ज्वालामुखीच्या कुशीत उभे राहिले. या प्रकारातील ती एक अत्यंत देखणी निर्मिती आहे, असे माझे मत आहे. खरा धक्का मात्र जून २०१० मध्ये बसला. युनिव्हर्सलने हॅरी पॉटरचे हॉग्समीड गाव आणि हॉगवॉर्ट्स शाळा उभी केली, तेव्हा चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांनाच आराखड्यात सहभागी करून घेतले होते. दुकाने, खाद्यपेये आणि पाट्या कथेतल्याच असाव्यात, असा आग्रह तेथे पाळला गेला. लोक राइडसाठी रांगा लावत होतेच, पण बटरबिअर पिण्यासाठी आणि जादूची कांडी विकत घेण्यासाठीही लावत होते. पुढच्याच वर्षी डिस्नेने कॅमेरॉन यांच्याशी करार जाहीर केला, हा योगायोग मानणे कठीण आहे.

स्पर्धेच्या दबावातून घेतलेला निर्णय एवढा चांगला उतरला, याचे बरेच श्रेय जागेच्या निवडीला द्यावे लागते. अ‍ॅनिमल किंगडम २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, सुरू झाले. आज हयात असलेले, नामशेष झालेले आणि केवळ कल्पनेत वावरणारे, अशा तिन्ही प्रकारच्या प्राण्यांना त्यात स्थान देण्याचा मूळ बेत होता, आणि म्हणूनच उद्यानाच्या बोधचिन्हात हत्ती व डायनोसॉर यांच्याबरोबर ड्रॅगनही होता. काल्पनिक प्राण्यांचा विभाग मात्र कधीच बांधला गेला नाही. त्या जागेवर ‘कॅम्प मिनी-मिकी’ नावाचा किरकोळ विभाग सोळा वर्षे तग धरून राहिला, आणि जानेवारी २०१४ मध्ये तो बंद करून तिथेच पँडोराचे काम सुरू झाले.

या उद्यानाचे मुख्य रचनाकार जो रोडी यांच्याकडेच पँडोराचेही नेतृत्व होते. त्यांच्या कामाची पद्धत पाहायची असेल तर त्याच उद्यानातील ‘आनंदपूर’ पाहावे. भारत, नेपाळ आणि आग्नेय आशियातील देशांचे तपशील एकत्र करून रचलेले हे काल्पनिक राज्य आहे. तिथल्या भिंतींचा रंग उडालेला आहे, एका महाराजांच्या शिकारी महालाची पडझड झालेली आहे, आणि ज्या वाघांची तेथे शिकार होत असे, त्यांच्याच वारसांनी आता त्या भग्नावशेषांत मुक्काम केल्याची कथा आहे. माणसाने घेतलेले निसर्ग परत घेतो, हे सूत्र कुठलीही पाटी न लावता पडक्या भिंतीतून सांगितलेले आहे, आणि पँडोरा हे याच सूत्राचे पुढचे प्रकरण आहे. घोषणा झाली तेव्हा परग्रहावरचा चित्रपट प्राण्यांच्या उद्यानात कशाला, अशी जी टीका झाली, ती हा वारसा ध्यानात न घेता केलेली होती.

सर्वांत मोलाचा निर्णय काळाचा होता. चित्रपटात पँडोरावर खाणकामासाठी आलेली माणसे आणि तिथले मूळ रहिवासी नावी यांचा संघर्ष आहे; या विभागाची कथा त्या संघर्षाच्या कित्येक वर्षांनंतर घडते. खाणकाम करणारी आरडीए कंपनी निघून गेली आहे, मानव आणि नावी यांच्यात शांतता नांदते आहे, आणि ‘अल्फा सेंटॉरी एक्सपेडिशन्स’ नावाची काल्पनिक सहल कंपनी माणसांना मोआराचे खोरे दाखवायला आणते. त्यामुळे चित्रपटाचा नायक जेक सली किंवा नायिका नेतिरी यांना तिथे आणण्याची गरजच उरली नाही. दहा फूट उंचीचे निळे नावी माणसांना पोशाख घालून साकारता आले नसतेच; पण अडचणीतून काढलेली ही वाट मूळ रस्त्यापेक्षा चांगली निघाली. पाहुण्याला नायक असल्याचा आव आणावा लागत नाही. तो पर्यटक म्हणून येतो, आणि कथेतही पर्यटकच असतो.

खोऱ्यात शिरताना आधी तरंगत्या डोंगरांचे दर्शन होते. सुमारे दीडशे फूट उंचीपर्यंत गेलेली ही रचना पोलादी सांगाड्यावर उभी आहे, पण तो पेलणारे खांब खडकांत आणि जाडजूड वेलींच्या रूपात दडवलेले आहेत, आणि डोंगर मागे मागे लहान होत गेल्याने प्रत्यक्षापेक्षा कितीतरी दूरवर पसरल्याचा भास होतो. फ्लोरिडाच्या हवेत तगणारी खरी झाडे आणि घडवलेल्या परग्रही वनस्पती यांची सरमिसळ इतकी बेमालूम आहे की कुठले पान खरे, हे हात लावूनच ठरवावे लागते. वाटेत ‘फ्लास्का रेक्लिनाटा’ नावाचे एक महाकाय, फुगीर वनस्पतीशिल्प आहे. त्याच्या बुडाशी हात चोळला की ते गुरगुरते आणि वरून तुषार उडवते. मुले तिथून हलायला तयार नसतात. थोडे पुढे युद्धात वापरलेला ‘अ‍ॅम्प सूट’ हा यंत्रमानवी सांगाडा गंजून उभा आहे. अंधार पडल्यावर झाडे, शेवाळ आणि पायाखालची वाटसुद्धा निळ्या-जांभळ्या रंगांत उजळते. कॅमेरॉन यांनी खोल समुद्रात अनेकदा बुड्या मारल्या आहेत, आणि तिथल्या स्वयंप्रकाशी जीवांची छाप पँडोरावर उघड दिसते. पूर्वी संध्याकाळीच ओस पडणाऱ्या या उद्यानाला त्यामुळे रात्रीचे आकर्षण मिळाले.

‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ ही येथील प्रमुख राइड. तिची रांग आधी गुहेतून आणि मग आरडीएच्या जुन्या तळातून जाते. हा तळ आता शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा झाला आहे, आणि तिथे एका उंच टाकीत झोपलेला अवतार, म्हणजे माणसाने दुरून चालवायचा नावी देह, अधूनमधून बोटे हलवतो. राइडचे मूळ २००१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘सोअरिन’मध्ये आहे, जिच्यात प्रेक्षकांना उचलून भव्य घुमटाकार पडद्यासमोर धरले जाते आणि जिची यंत्रणा एका अभियंत्याने मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडून सुचवली होती. पँडोरात मात्र प्रत्येक जण इक्रान या पंखधारी प्राण्यावर स्वार झाल्याच्या कल्पनेने मोटारसायकलसारख्या आसनावर पुढे झुकून, चष्मा लावून बसतो, आणि वेटा डिजिटल या न्यूझीलंडच्या कंपनीने तयार केलेली दृश्ये समोर उलगडतात. वारा, तुषार आणि अरण्याचा वास येतो. पण मनात राहतो तो एकच तपशील. उड्डाण मध्येच थांबते तेव्हा दोन्ही पायांमध्ये त्या पंखधारी प्राण्याचा श्वास जाणवतो, बरगड्या फुगतात आणि ओसरतात. यंत्रावर बसल्याचे भान तिथे सुटते. याच आसनाची दुसरी बाजू अशी की स्थूल किंवा उंच शरीराच्या अनेकांना त्यात बसता येत नाही, आणि तासन्‌तास रांगेत उभे राहून परत फिरावे लागणे हा लहान दोष म्हणता येणार नाही.

‘नावी रिव्हर जर्नी’ ही संथ नौकासफर त्या मानाने अपुरी आहे. शेवटी भेटणारी गाणारी शमान, म्हणजे नावींची धर्मगुरू, ही डिस्नेने घडवलेल्या सर्वांत जिवंत यांत्रिक आकृतींपैकी एक आहे यात शंका नाही; परंतु तिच्यापर्यंत नेणारी कथा जवळजवळ नाहीच.

निसर्गाच्या लुटीविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपटाचा बाजार मांडणे हे विसंगत आहे, असा आक्षेप राहतोच, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. तिथल्या दुकानात खेळण्यातले इक्रान खांद्यावर बसवून विकले जातात. तरीही नफ्यासाठी आलेली यंत्रे गंजताना दाखवण्याचे धाडस एका मोठ्या कंपनीने स्वतःच्या उद्यानात केले, याची नोंद घेतली पाहिजे.

पँडोरातून घेतलेला धडा डिस्नेने लगेच पुढे वापरला. ३१ मे २०१९ रोजी डिस्नेलँडमध्ये आणि त्याच ऑगस्टमध्ये फ्लोरिडात उघडलेला ‘स्टार वॉर्स : गॅलॅक्सीज एज’ हा विभागही चित्रपटात न दिसलेल्या ‘बाटू’ ग्रहावर वसवला गेला. तिथे मात्र प्रेक्षकांना ओळखीचे ग्रह आणि आवडती पात्रे हवी होती, आणि ती न दिसल्याची खंत अनेकांनी बोलून दाखवली. ‘स्टार वॉर्स’चा प्रेक्षक पात्रांवर जीव लावतो, ‘अवतार’चा प्रेक्षक जागेवर. ‘स्टार वॉर्स’च्याच जगाचे पुढचे पाऊल म्हणून मार्च २०२२ मध्ये सुरू केलेले ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे कथेतच राहण्याचा अनुभव देणारे महागडे हॉटेल सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस बंद करावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर या उद्यानातही ‘अवतार’चे जग आणण्याचे जाहीर केले आहे. तिथे शेजारी आनंदपूर नसेल आणि प्राण्यांचे अरण्यही नसेल. फ्लोरिडात भोवतालच्या उद्यानाने जे काम आपोआप केले, ते तिथे रचनाकारांना मुळापासून करावे लागणार आहे.