दुसरी लाट समीकरणात नसते

साथरोगांच्या गणिताचा विषय निघाला की १९२७ सालच्या एका शोधनिबंधापाशी यावंच लागतं. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला आणि त्यातला आलेख आहे आपल्या मुंबईचा. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, त्याचे ठिपके आणि त्या ठिपक्यांना जवळजवळ चिकटून जाणारी एक रेघ. आधी हळूहळू चढणारी, मग झपाट्याने वर जाणारी आणि तशीच उतरणारी.

त्या रेघेच्या सूत्रात मोजून तीन आकडे आहेत: ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला शिखराचा, म्हणजे सर्वांत वाईट आठवड्यात ८९० मृत्यू. दुसरा चढउतार किती वेगाने होतो त्याचा. तिसऱ्याला दुसऱ्याने भागलं की १७ येतात, म्हणजे शिखर सतराव्या आठवड्यात, १९०६च्या एप्रिलच्या मध्यावर. आणि ८९०ची दुप्पट करून ०.२ने भागलं की साथीतले एकूण मृत्यू मिळतात, सुमारे ८,९००. सहा-सात महिन्यांचा हाहाकार तीन आकड्यांत मावतो हे पाहून थक्क व्हायला होतं, आणि थोडी शंकाही यायला हवी. तिच्याकडे येऊच.

निबंधाचे लेखक दोघे. अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची बरीच वर्षं गेली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते आणि मलेरियाचं गणित मांडणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर त्यांनी आफ्रिकेत काम केलं होतं. दुसरे विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. म्हणजे त्या निबंधातली समीकरणं सोडवणाऱ्या दोघांपैकी एकाला कागद दिसत नव्हता.

त्यांचा प्रश्न साधा होता: साथ ओसरते कशामुळे? त्या काळी दोन उत्तरं दिली जात. एक तर लागण होण्याजोगं कुणी उरत नाही म्हणून, नाहीतर जंतूचा जोर संपतो म्हणून. या दोघांनी गणित मांडून दाखवलं की दोन्हींपैकी काहीही न होता साथ ओसरू शकते.

त्यासाठी लोकसंख्येचे तीन गट करायचे. ज्यांना अजून लागण व्हायची आहे ते, ज्यांना झाली आहे आणि जे ती पसरवत आहेत ते, आणि जे बरे होऊन किंवा दगावून या साखळीतून बाहेर पडले ते. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या भेटीतून होते, त्यामुळे तिचा वेग दोन्ही गटांच्या आकारावर अवलंबून असतो. समजा, सुरुवातीला एक बाधित माणूस सरासरी अडीच जणांना आजार देतो. करोनाकाळात वर्तमानपत्रांतून रोज भेटणारा ‘आर’ तो हाच. शहरातल्या ६० टक्के लोकांना लागण होऊन गेली की त्याच्या संपर्कातल्या अडीच जणांपैकी एकालाच नव्याने लागण होऊ शकते. एकाचा एक झाला की वाढ थांबली. अजून ४० टक्के लोक शाबूत आहेत, जंतूचा जोर तितकाच आहे, तरी लाट उतरणीला लागते.

इथे अनेकांची गफलत होते. साठ टक्क्यांवर साथ वाढायची थांबते, संपत नाही. त्या क्षणी बाधितांची संख्या सर्वाधिक असते आणि ते सगळे अजून आजार पसरवत असतात. हाच हिशेब शेवटपर्यंत नेला तर एकूण लागण सुमारे ८९ टक्क्यांवर जाऊन थांबते. म्हणजे शिखर ओलांडल्यावर आणखी २९ टक्के लोक सापडतात. ‘शिखर गेलं’ ही बातमी ऐकून मास्क खिशात घालणाऱ्यांनी हा आकडा कधी पाहिला नसावा.

आता ती शंका. मुंबईत प्लेग आला १८९६ साली, मांडवी भागात, आणि त्यानंतर तो दरवर्षी येत राहिला. हिवाळ्यात वाढायचा, उन्हं तापली की उतरायचा. तीन गटांचं समीकरण मात्र एकच लाट देतं. ती ओसरली की खेळ खलास. दुसरी लाट हवी असेल तर बाहेरून काहीतरी आणावं लागतं: नवी माणसं, विरत जाणारी प्रतिकारशक्ती, बदललेला ऋतू किंवा बदललेला जंतू.

प्लेगमध्ये तर माणूस हा मुळात शेवटचा बळी. त्याच सुमारास परळच्या प्रयोगशाळेत संशोधक मुंबईभरातून गोळा केलेले उंदीर तपासून, पिसवा मोजून नोंदी ठेवत होते. साथ आधी गटारांतल्या उंदरांत, मग घरातल्या उंदरांत आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत, असा क्रम त्यांना आढळला. गावोगावच्या लोकांना हे आकड्यांशिवाय ठाऊक होतं. उंदीर पडायला लागले की ते घर सोडून रानात झोपड्या घालून राहत. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनीही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, सगळ्या उंदरांना लागणीची सारखीच शक्यता वगैरे गृहीतकं काटेकोर खरी नाहीत आणि सूत्र अगदी ढोबळ आहे. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला, ही कबुली बहुतेकदा गाळली. २०१२ साली फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी ऋतुमान, उंदीर आणि पिसवा धरून हिशेब पुन्हा मांडला आणि दाखवलं की मुंबईची ती लाट उतरण्यामागे ऋतूचा हात धरावाच लागतो. रेघ ठिपक्यांवर छान बसली होती, कारण दुसरंच होतं.

करोनात असंच काहीसं झालं आणि किंमत फार मोठी पडली. सप्टेंबर २०२०मध्ये देशातली पहिली लाट शिखरावर होती. ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने गणिती प्रारूपाच्या आधारे सांगितलं की शिखर मागे पडलं आहे आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१पर्यंत साथ आटोक्यात येईल. फेब्रुवारीत रोजचे रुग्ण खरोखर दहा हजारांच्या आसपास आले. रेघ जुळली! मे महिन्याच्या सुरुवातीला तोच आकडा चार लाखांच्या वर होता.

अंदाज चुकण्याचं कारण बेरजेत दडलेलं असतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुन्या विषाणूचे आठवड्याला १०,००० रुग्ण आहेत आणि ते दर आठवड्याला वीस टक्क्यांनी घटताहेत. नव्या, जास्त पसरणाऱ्या विषाणूचे फक्त १०० आहेत आणि ते दर आठवड्याला दुप्पट होताहेत. चार आठवड्यांनी जुने ४,०९६ आणि नवे १,६००, एकूण ५,६९६. या काळात एकूण आकडा दर आठवड्याला घसरतच आलेला असतो, सगळे खूश. पण आणखी दोन आठवड्यांनी जुने २,६२१ आणि नवे ६,४००, एकूण ९,०२१. पेपरात ‘अचानक उसळी’ असा मथळा. नव्या विषाणूच्या बाजूने पाहिलं तर अचानक काहीच घडलेलं नाही, तो पहिल्या दिवसापासून त्याच गतीने वाढतो आहे.

म्हणून नुसती एकूण रुग्णसंख्या बघू नये. नमुन्यांचं जनुकीय वाचन करून कोणत्या प्रकाराचा वाटा वाढतोय ते पाहायचं, आणि जिल्हावार आकडे वेगळे ठेवायचे. पुढे डेल्टा म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराची पहिली नोंद भारतातल्या ऑक्टोबर २०२०च्या नमुन्यांत आहे. फेब्रुवारीत देशाचा आलेख सपाट असताना अमरावतीत रुग्ण भराभर वाढत होते आणि तिथे पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. शिवाय डेल्टाचा बाधित माणूस अडीचऐवजी पाच किंवा अधिक जणांना आजार देऊ शकत होता. पाच धरले तरी साठ टक्क्यांचा उंबरठा ऐंशीवर जातो. पहिल्या लाटेनंतर ज्यांना आपण पलीकडे आहोत असं वाटत होतं, ते पुन्हा अलीकडे आले.

‘सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात’ हे गृहीतकही मुंबईसारख्या शहरात टिकत नाही. जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत अँटीबॉडींचं सर्वेक्षण केलं. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, इमारतींत १६ टक्के. त्याच प्रभागांत, कधीकधी त्याच रस्त्याच्या दोन बाजूंना. या दोन आकड्यांची सरासरी काढून ‘मुंबईचा उंबरठा’ ठरवणं निरर्थक होतं. लाट एका वस्तीत उतरते तेव्हा शेजारच्या टॉवरमध्ये तिची तयारी चालू असू शकते. दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला पालिकेच्या नोंदींत इमारतींमधलेच रुग्ण बहुसंख्य होते.

आणखी एक अडचण अगदी किरकोळ वाटणारी. रविवारी चाचण्या कमी होतात, त्यामुळे सोमवारचा आकडा हमखास छान दिसतो. सात दिवसांची सरासरी घेतली की हा खड्डा बुजतो, पण मग आलेख काही दिवस मागे राहतो. लागण, लक्षणं, चाचणी, अहवाल या प्रवासात आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. आज दिसणारा ‘आर’ हा पंधरवड्यापूर्वीचा असू शकतो.

चाचणीच्या रांगेत न येणाऱ्यांचीही नोंद मिळावी म्हणून आता सांडपाणी तपासलं जातं. विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, माणूस आजारी वाटो न वाटो. मुंबईला ही पद्धत नवी नाही, २००१पासून पोलिओच्या विषाणूचा शोध इथल्या गटारांत घेतला जातो आहे. यातून वाढ चालू आहे की नाही आणि कोणत्या प्रकाराची, हे आधी कळतं. नेमके किती बाधित, ते मात्र नीट कळत नाही. आणि जून ते सप्टेंबर या काळात नाल्यांत पावसाचं पाणी इतकं मिसळतं की विषाणूची घनता घटली म्हणजे साथ घटली असं मानता येत नाही. मग माणसाच्या विष्ठेत कायम सापडणारा एखादा निरुपद्रवी विषाणू त्याच पाण्यात मोजायचा आणि त्याच्याशी भागाकार करून आकडा काढायचा.